वाळपईपुढचे चार किलोमीटर: घराघरांत फायबर नेण्याच्या नोंदी

13 जानेवारी 2025

सर्व्हे सुरू. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं वाळपई सोडून नगरगावच्या दिशेने निघालं की दोन्ही अंगांनी जी गावं आत शिरतात, त्यांतलं हे एक. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे घरांच्या आणि जमिनींच्या गोष्टी येणार आहेत. वाडे पुरेत: खालचा वाडा, मधला वाडा, कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) घरं आणि सगळ्यात शेवटी वरचा वाडा. एकच डांबरी रस्ता, त्याला समांतर ओहळ, आणि घरं या दोघांच्या मध्ये किंवा ओहळापलीकडे. दूध संस्थेच्या खोलीपासून वरच्या वाड्यातल्या शेवटच्या घरापर्यंत चाकाने मोजलं, चार किलोमीटरच्या थोडं वर भरलं.

इथल्या पंचायतींना फायबर नवं नाही. गोवा ब्रॉडबँड नेटवर्क आलं तेव्हापासून पंचायत कार्यालयात ते आहे. केंद्राने 2011 साली मंजूर केलेली आणि पुढे भारतनेट झालेली योजनासुद्धा ग्रामपंचायतीपर्यंतच आखलेली होती. पंचायतीपुढच्या गावांचा मागणीप्रमाणे विचार 2023 च्या सुधारित भारतनेटमध्ये आला. मधल्या काळात काय झालं ते सत्तरी-सांग्यातल्या मुलांनी 2020 च्या टाळेबंदीत दाखवलं. रेंज शोधत डोंगरावर वह्या घेऊन बसलेल्या मुलांचे फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते.

आम्ही छोटे स्थानिक केबलवाले. वरून बँडविड्थ विकत घ्यायची, खाली घरं जोडायची. दूध संस्थेने एक खोली भाड्याने दिली आहे. ओएलटी, म्हणजे सगळ्या घरांकडे प्रकाश सोडणारं मुख्य यंत्र, तिथे बसेल.

20 जानेवारी

ऑफिसमधल्या संगणकावर आराखडा आला. गावाच्या मध्यभागी एक मोठा डबा, त्यात एकाला बत्तीसचा स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश बत्तीस वाटांत वाटणारा), आणि तिथून प्रत्येक घराला स्वतंत्र ड्रॉप, म्हणजे घरापर्यंतची शेवटची तार. पणजीतल्या एखाद्या वसाहतीत असा आराखडा डोळे मिटून वापरता येतो. इथे त्याप्रमाणे गेलो तर वरच्या वाड्याच्या प्रत्येक घराला दीड-दोन किलोमीटरची स्वतंत्र तार लागेल. एकाच खांबावर वीस ड्रॉप लोंबकळतील. पावसाळ्यात एक फांदी पडली की वीसही जातील. आराखडा बाजूला ठेवला. घरं ओळीने आहेत, तर फायबरही ओळीनेच न्यावं लागेल. हिशेब नंतर करतो.

26 जानेवारी

प्रजासत्ताकदिनाची ग्रामसभा. कचरा आणि पाण्याच्या टाकीवर दोन तास गेले, मग आमची पाळी आली. विचारलेले प्रश्न लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं काम याच प्रश्नांभोवती फिरणार आहे.

एका मावशींनी विचारलं, "लाईट गेली की हे चालणार का?" माझ्या मते संपूर्ण सभेतला सर्वांत मुद्द्याचा प्रश्न हाच. तारेतून प्रकाश जातो, पण तो घेणारा डबा विजेवर चालतो. खोलीत आम्ही इन्व्हर्टर ठेवू. घरातल्या डब्याला, म्हणजे ओएनयूला, मात्र बारा व्होल्टचा छोटा यूपीएस ज्याचा त्याला घ्यावा लागेल. मावशी म्हणाल्या, "मग ते आधी सांग आणि किमतीत धर." धरलं.

एका काकांना रस्ता खोदणार का ते हवं होतं. मागे कुणीतरी नळाच्या कामासाठी रस्ता खोदला आणि तसाच सोडला, तो राग अजून ताजा आहे. एका तरुणाने स्पीड विचारला. पाठीमागून कुणीतरी "टॉवरसारखी बाधा होते काय?" असं विचारलं, त्यावर हशा पिकला, पण विचारणाऱ्याचा सूर गंभीर होता. काचेच्या तारेतून प्रकाशच जातो आणि तो बाहेर पडत नाही, एवढं सांगितलं. फक्त तुटलेल्या तारेच्या टोकाला डोळा लावू नका, तो लेसर दिसत नाही, हेही सांगितलं.

ठराव मंजूर. सरपंचांनी एक अट घातली: होळीचं झाड आणायच्या वाटेवर तार आडवी नको.

4 फेब्रुवारी

संमतीपत्रं गोळा करतोय. ठरावाने पंचायतीचा रस्ता मिळतो, माणसाचं अंगण मिळत नाही. दूरसंचार मार्गाधिकाराचे (तारा-खांब नेण्याच्या परवानगीचे) नवे नियम 1 जानेवारीपासून लागू झाले. सरकारी जागेसाठी त्यात मुदती आहेत, पोर्टल आहे. खाजगी जागेत मालकाशीच बोलून करार करायचा. सत्तरीत 'मालक' म्हणजे कोण, इथेच गाडं अडतं.

कुळागराच्या टोकाला एक खांब हवा होता. त्या घरात कुटुंब तीन पिढ्या राहतंय. घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं), खालची जमीन भाटकाराची (जमीनदाराची). 1975 च्या मुंडकार कायद्याने घरातून सहजासहजी कुणी काढू शकत नाही, पण घरापासून चार पावलं बाहेरच्या खांबाला संमती कुणी द्यायची? एक-चौदाच्या (गोव्यातल्या सातबाऱ्याच्या) उताऱ्यावर भाटकाराचं नाव, तेही मयत आजोबांचं. वारस काही म्हापशाला, काही परदेशात. पुढची दोन घरं आल्वाराच्या (पोर्तुगीज काळात सरकारने दिलेल्या) जमिनीत. वरच्या वाड्यातला एक तुकडा मोकाशाचा (जुन्या इनामदाराचा), तिथे तर उताऱ्याचा विषय काढला की चहा येतो आणि कागद राहतो.

ज्यांचा उतारा आहे ते सही करायला कचरत नाहीत. ज्यांचा नाही त्यांना भीती वाटते, की सही केली तर उद्या कुणी म्हणेल, जमीन तुमची नाही हे तुम्हीच लिहून दिलंत. ही भीती मला बिनबुडाची वाटत नाही. म्हणून कागदाचा मजकूर बदलला. 'जमिनीचा मालक' हे शब्द काढले. 'या घरात राहणारा, स्वतःच्या घराला जोडणी घेण्यासाठी, भिंतीवर हूक लावू देत आहे' एवढंच ठेवलं. खांब शक्य तिथे रस्त्याच्या कडेला, पंचायतीच्या हद्दीत. रस्त्यापासून घरापर्यंत खांब न घालता भिंतीच्या हुकाला ताण. थोडी तार जास्त लागेल, पण वाद नको.

कुळागरवाल्या काकांनी तरीही एक अट टाकली. "बाबा, तार घाल. पण माझ्या पोफळीला खिळा मारायचा नाही." मारणार नव्हतोच. वाऱ्यात पोफळ इतकी डोलते की तार पहिल्याच पावसात तुटेल.

15 फेब्रुवारी

खोदाई रद्द. मधल्या वाड्याजवळ कुदळ मारून पाहिली, हातभर मातीखाली जांभा. चिरे काढतात तसली कठीण थर. खोल चर काढायची तर ब्रेकर लागेल आणि खर्च आमच्या आवाक्याबाहेर जाईल. फक्त रस्त्याखालच्या मोरीजवळ आणि शाळेसमोर पाईपातून जमिनीखालून, बाकी सगळं खांबांवरून.

18 फेब्रुवारी

केबल आली. बारा कोअरची (काचेच्या बारा धाग्यांची), आत लोखंडाऐवजी एफआरपीचे, म्हणजे तंतू घातलेल्या प्लास्टिकचे दांडे. लोखंडी चिलखताची स्वस्त मिळत होती, उंदीर-साळिंदराच्या दातांपासून ती वाचते, पण मे महिन्यातल्या विजा पाहिलेला माणूस डोंगराच्या कडेने चार किलोमीटर धातू टांगणार नाही. फायबर स्वतः वीज वाहत नाही, लोखंडी आवरण वाहतं.

खांब जस्ताचा मुलामा दिलेले, आमचे स्वतःचे. विजेच्या खांबांवरून नेण्यासाठीही अर्ज केला आहे, त्याचं उत्तर येईपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही.

27 फेब्रुवारी

आज हिशेब. ज्यांना हे काम पुढे करायचं आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण मराठीत हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

जीपॉनमध्ये (एकाच फायबरवरून अनेक घरं जोडायच्या पद्धतीत) एका पोर्टमधून खाली 2.488 गिगाबिट आणि वर 1.244 गिगाबिट जातात. खालचा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा, वर जाणारा 1310 चा, दोन्ही एकाच काचेतून. ओएलटीतल्या आमच्या सी प्लस मॉड्यूलमधून (प्रकाश सोडणाऱ्या भागातून) मीटरवर +5 डीबीएम निघतो. डीबीएम म्हणजे प्रकाशाची ताकद, आकडा जितका जास्त उणे तितका प्रकाश कमी; वाटेतली घट डीबीत मोजतात. घरात −25 च्या वर राहिला तर मी निश्चिंत. कागदावर ओएनयू −27 पर्यंत चालतो, पण पावसाळ्यासाठी दोन-तीन डीबी हातचे ठेवायलाच हवेत.

प्रकाश कुठे कुठे खर्च होतो? काचेत किलोमीटरला पाव ते साडेतीन दशांश डीबी, म्हणजे चार किलोमीटरला एक-दीड. जॉइंट चांगला असेल तर एक दशांशापेक्षा कमी. खरा खर्च वाटणीत होतो. एकाला आठच्या स्प्लिटरमध्ये साडेदहा, एकाला सोळामध्ये पावणेचौदाच्या आसपास, एकाला बत्तीसमध्ये साडेसतरा.

ओळीतल्या घरांसाठी असमान वाटणी करायची. रस्त्याने मुख्य कोअर न्यायचा आणि घरांचा घोळका आला की तिथे दहा-नव्वदचा कपलर. दहा टक्के प्रकाश या घोळक्याला, नव्वद टक्के पुढे. पुढे जाणाऱ्या फाट्याला जेमतेम पाऊण डीबी लागतात. पाटाच्या पाण्याला प्रत्येक वाफ्यापाशी छोटी बांधणी करून थोडं आत घेतात आणि बाकीचं पुढे सोडतात, तसंच.

पहिल्या तीन घोळक्यांना दहा-नव्वद आणि त्याखाली एकाला आठ. दहा टक्क्यांच्या फाट्यात साडेदहा आणि स्प्लिटरमध्ये साडेदहा, एकवीस गेले, घरात −17 ते −19. चौथ्याला वीस-ऐंशी आणि एकाला आठ, म्हणजे −17 च्या आत. वरच्या वाड्यात उरलेला सगळा प्रकाश सरळ एकाला सोळामध्ये, तिथे −15 च्या आसपास. म्हणजे सर्वांत दूरच्या घरात सर्वांत जास्त प्रकाश. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. एका पोर्टवर अठ्ठेचाळीस घरं, आणि उरलेले कोअर मोकळे.

तोटाही लिहितो. मधे एक कपलर बिघडला की त्यापुढचं सगळं अंधारात. शिवाय खोलीतून ओटीडीआर (तारेत बिघाड किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) लावला तर पहिल्या दोन वाटण्यांपलीकडचं चित्र धूसर होतं, बिघाड शोधायला वाडीवरच जावं लागतं. शहरात मी हे करणार नाही. इथे याशिवाय परवडत नाही.

12 मार्च

उद्या रात्री होळी. काम बंद. मधल्या वाड्यापासून मांडापर्यंत (सणाच्या जागेपर्यंत) होळीचं झाड खांद्यावरून येतं, मग उभं करतात. त्या पट्ट्यात केबल ओढलेलीच नाही. दोन्ही बाजूंना वेटोळी बांधून ठेवली आहेत. शिगमो संपला की जोडू. खांब मात्र आधीच वाटेपासून हटवून घातले, नाहीतर दर वर्षी हाच प्रश्न.

आमच्या कामावरचा एक मुलगा सत्तरीतल्याच झर्म्याचा. चोरोत्सव (तिथला शिगम्यातला उत्सव) झाल्याशिवाय तो येणार नाही, हे त्याने कामावर रुजू होतानाच सांगितलं होतं.

10 एप्रिल

काजूचा हंगाम. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर सकाळी बोंडं वेचून अकराला येतात. त्यांना दोष कसा देणार, वर्षाची कमाई या दोन महिन्यांत. आम्हीच वेळ बदलली, दुपारी तीन ते अंधार पडेपर्यंत. जॉइंटचं काम तसंही सावलीत आणि वारा पडल्यावर चांगलं होतं. सव्वाशे मायक्रॉनची काच, तिच्यावर धुळीचा कण बसला की मशीन जॉइंट नाकारते. ताडपत्रीचा आडोसा, स्पिरिट, टिश्यू, आणि काचेचे तुकडे टाकायला झाकणाची बाटली. अंगणात कोंबड्या आणि उघड्या पायांची मुलं असतात, म्हणून तुकडा खाली पडलेला मी खपवून घेत नाही.

खालच्या वाड्यातली पहिली घरं चालू झाली. एका घरात वयनींनी सगळ्यात आधी एक-चौदाचा उतारा ऑनलाइन उघडून पाहिला. दुसऱ्या घरात क्रिकेट.

माकडांचा त्रास सुरू. ड्रॉपची पातळ तार त्यांना झोपाळा वाटते. फणसाच्या झाडाजवळून जाणारे दोन ड्रॉप हटवून रस्त्याच्या बाजूने घेतले. शेकरू कुरतडतं असं म्हणतात, इथे अजून तरी दिसलं नाही.

29 एप्रिल

तिसऱ्या घोळक्यात विचित्र प्रकार. घरात मीटर −19 दाखवतो, म्हणजे छान. ओएनयूचा पॉन दिवा (ओएलटीशी जोडणी जुळल्याचा) मात्र लुकलुकत राहतो, स्थिर होत नाही. ओएनयू बदलला, तेच. पॅचकॉर्ड बदलली, हिरवी टोकं पुसली, तेच. स्प्लिटरचं दुसरं तोंड घेतलं, तेच. इतर दोन घोळके व्यवस्थित.

दिवसभर घरातल्यांना वाटत राहिलं की त्यांच्याच घरात काही दोष आहे. आजी दोनदा म्हणाल्या, "आमच्या नशिबात नाही म्हणा."

संध्याकाळी 1310 चा सोर्स आणून उलट दिशेने मोजलं तेव्हा उलगडलं. खाली येणारा प्रकाश व्यवस्थित वाटला जातोय, पण वर जाणारा कपलरमध्येच मरतोय. पुरवठादाराने पाठवलेल्या पेटीत काही कपलर केबल टीव्हीचे निघाले, 1550 साठी बनवलेले, एकाच खिडकीचे, म्हणजे एकाच तरंगलांबीला नीट चालणारे. वितळवून बनवलेल्या कपलरची वाटणी तरंगलांबीप्रमाणे बदलते. 1550 ला दहा टक्के देणारा 1310 ला त्याहून खूपच कमी देतो. टीव्हीला काही फरक पडत नाही, तिथे प्रकाश फक्त खाली येतो. इंटरनेटला घराचंही म्हणणं वर पोचावं लागतं.

ऑर्डरमध्ये दोन खिडक्यांचे असं स्पष्ट लिहिलेलं होतं, लेबलवरही तसंच छापलेलं आहे. म्हणजे लेबलवर विश्वास नाही. यापुढे प्रत्येक कपलर टेबलावर दोन्ही तरंगलांब्यांना मोजूनच खांबावर चढेल. पॉवर मीटरचा हिरवा आकडा पाहून 'लाईन ओके' म्हणणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं. तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

30 एप्रिल

कपलर बदलला. मिनिटभरात दिवा स्थिर. आजींनी नातवाशी व्हिडिओवर बोलून घेतलं आणि मग आम्हाला हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) विचारली. गाडी चालवायची होती.

26 मे

पाऊस आला. नेहमी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मान्सून यंदा 24 मे रोजीच केरळात, काल गोव्यात. त्याआधीही आठवडाभर झोडपतच होता. केरळात इतक्या लवकर 2009 नंतर पहिल्यांदाच. वरच्या वाड्यातले शेवटचे खांब घालायचे होते आणि मोरीखालचा पाईप टाकायचा होता, दोन्ही राहिले. पावसाळ्यात रस्त्याला हात लावायला परवानगी नसते, आणि ते बरोबरच आहे.

तात्पुरता उपाय: मोरीवरून केबल हवेत, थोड्या जास्त उंचीवर. दोन टोकांना पंधरा-पंधरा मीटरची वेटोळी सोडली, उद्या पाईप झाला की न तोडता खाली उतरवता येईल.

14 जून

विजांच्या रात्रीनंतर पाच घरं बंद. फायबर सगळीकडे शाबूत. जळले ते अडॅप्टर, आणि दोन ठिकाणी ओएनयूचं लॅन पोर्ट. वीज तारेतून आलीच नाही, ती सॉकेटमधून आली. ज्यांनी गडगडाट सुरू होताच प्लग काढला त्यांचं सगळं सुरक्षित. मावशींनी सभेत सांगून घेतलेला छोटा यूपीएस असलेलं एकही घर यात नव्हतं. यावरून सिद्धांत मांडणार नाही, पण नोंद असू दे.

9 जुलै

कुळागराजवळ जुना माड केबलवर कोसळला. केबल तुटली नाही, ताणली गेली. पुढच्या घरांत −16 चे −24 झाले, पण चालू राहिले. पावसाळ्यासाठी हातचे ठेवलेले डीबी इथे कामी आले. वरच्या वाड्यातून मागे ओटीडीआर लावला, वाक कुठे आला ते मीटरभराच्या फरकाने कळलं. काकांनी स्वतः कोयता घेऊन झावळ्या तोडून दिल्या. पोफळीला खिळा मारला नव्हता, त्याची त्यांनी आठवण काढली.

22 ऑगस्ट

चवथ (गणेशचतुर्थी) पाच दिवसांवर. बाहेरगावी असलेली मंडळी घरी येतील, म्हणून 'त्याआधी द्या' अशा मागण्यांचा ढीग. पोर्टवरच्या अठ्ठेचाळीस जागांपैकी मोजक्याच उरल्या आहेत, दुसरा पोर्ट उघडतोय. संध्याकाळी सात ते दहा वापर एकदम चढतो, पण पोर्टच्या क्षमतेच्या जवळपासही जात नाही. अडतं ते घरातल्या वायफायवर. चिऱ्याच्या जाड भिंती, डबा ओटीवर आणि मूल मागच्या खोलीत. भिंतीपलीकडे दुसरा राउटर तारेने जोडून द्यावा लागतो, आणि ही तार कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. पुढच्या गावात ती आधीच धरणार.

वरच्या वाड्याच्याही पलीकडे, अभयारण्याच्या अंगाला नऊ घरं आहेत. तिथपर्यंत जाणारी वाट वनखात्याच्या हद्दीतून जाते. अर्ज दिला आहे. खोदाई नाही, झाडाला हात नाही, आहेत त्याच खांबांवरून, असं त्यात लिहिलंय. परवानगी येईपर्यंत वरच्या वाड्यातल्या शेवटच्या खांबावरून त्या घरांपर्यंत वायरलेस लिंक लावून पाहायची. नजर सरळ पोचते का ते पाऊस उघडला की पाहू. त्या घरांचा ड्रॉप लांब म्हणून दर जास्त लावावा, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, दर सगळ्यांना एकच, फरक आम्ही सोसायचा. यावर अजून एकमत नाही.

मोरीखालच्या पाईपासाठी रस्ता कापायचा अर्ज ऑक्टोबरसाठी तयार आहे. कपलर नव्या पुरवठादाराकडून मागवले, दोन खिडक्यांचे. आले की टेबलावर मोजायचे.